वाफ्यातली हरळी

रविवार, १९ जानेवारी १९८६

आज पुन्हा कुदळ घेऊन वाफ्यात उतरलो आणि पुन्हा हरलो. पंधरा दिवसांपूर्वी हरळीचे तुकडे तुकडे केले होते, आता प्रत्येक तुकड्याला कोंब आलाय. एकाच्या जागी दहा. शेवंतीच्या बुंध्यात घुसलीय, गुलाबाच्या आळ्यात घुसलीय, अबोली तर दिसेनाशी झालीय. गिरणीत साच्यावर कापड विणत चाळीस वर्षं काढली, पण एवढी हट्टी वस्तू हाताखालून गेली नाही.

वाफा जानकीचा आहे. जानकी माझी सून. बोरीवलीच्या या सोसायटीत तळमजला मिळाला तेव्हा खिडकीखालची बारा फूट जागाही मिळाली, तिथे तिने फुलं लावली. माझा मुलगा जयवंत चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात काविळीने गेला. मग वर्षभर वाफ्याकडे कुणी फिरकलं नाही, आणि शेजारच्या मोकळ्या जागेतून हरळी आत आली. परवाच्या दिवाळीनंतर जानकी पुन्हा खुरपं घेऊन बसायला लागली. बालवाडीतून आली की संध्याकाळी अर्धा तास. तेवढ्यापुरता तिच्या तोंडावर जरा रंग दिसतो. घरात आम्ही दोघंच, बोलणंही मोजकंच. मला हा वाफा स्वच्छ करून द्यायचाय. दुसरं मी तिच्यासाठी काय करू शकतो?

सोमवार, २७ जानेवारी

सकाळी म्युनिसिपालिटीच्या बागेत फिरायला गेलो होतो. एक माळी गुलाबांत बसला होता. त्याच्या वाफ्यात गवताची काडी नव्हती. विचारलं, कुठलं औषध मारता?

"औषध नाही काका. कंटाळा करायचा नाही, बस. तुम्ही काय करता?"

कुदळीने खणतो म्हटल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "मग वाट लावलीत. हरळी तोडली की वाढते. पाणी घालून माती मऊ करायची, मुळी हाताला लागली की तिच्या मागे मागे जायचं आणि अख्खी ओढून काढायची. बोटभर आत राहिली तरी गेलं काम."

चंद्रप्रकाश नाव. तिशी ओलांडलेला, मूळ अकोल्याकडचा, राहतो मानखुर्दला. रविवारी सुट्टी असते, येऊन दाखवतो म्हणाला. येणार नाही. असं सगळेच म्हणतात.

रविवार, २ फेब्रुवारी

आला की. दहाच्या ठोक्याला दारात हजर. स्वतःचं खुरपं पिशवीत घालून आणलं होतं. मानखुर्दहून बोरीवलीला, तेही सुट्टीच्या दिवशी, एका गवतासाठी. कामावर जीव असावा तर असा.

त्याने जानकीला मुळीच्या मागे कसं जायचं ते दाखवलं. एक मुळी निघाली ती माझ्या हाताएवढी लांब, पांढरीफटक, गाठागाठांची. मी म्हटलं, अरे या दूर्वा, गणपतीला वाहतो आपण, कचऱ्यात कशा टाकायच्या? तर म्हणतो, "वाहायला लागतील तेवढ्या कुंडीत ठेवा नाना. वाफ्यात असली की तिला हरळीच म्हणायचं."

जानकी हसली. दीड वर्षात तिला हसताना ऐकलं नव्हतं. एवढ्याशा बोलण्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे, पण मला बरं वाटलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

सलग चौथा रविवार. आता त्याला मी अरे-तुरे करतो, पोरगा तसा साधा आहे. बौद्ध आहे. मी विचारलं नव्हतं, बोलता बोलता त्यानेच सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी म्हटलं, गिरणीत माझ्या शेजारच्या साच्यावर वीस वर्षं तुमच्यातलाच माणूस होता, डबा एकत्र खायचो. ते खरंच आहे. त्याला घरी मात्र कधी बोलावलं नव्हतं, तेही खरं, पण ते बोललो नाही.

जानकीने त्याला जयवंतच्या कपातून चहा दिला. निळ्या काठाचा तो कप तिने कपाटात ठेवून दिला होता, मलाही कधी दिला नाही. मी त्या कपाकडेच बघत होतो. मग म्हटलं, कप तो कपच, घरात आहे तर वापरायचा.

रविवार, ९ मार्च

या हरळीपुढे अक्कल चालत नाही. रविवारी संध्याकाळी वाफा स्वच्छ असतो, पुढच्या शनिवारी कोंब हजर. आणि बघतो तर कोंब नेहमी जानकीच्या बाजूला. चंद्रप्रकाशच्या बाजूला एक नाही.

मी तिला म्हटलं, "अगं, तुझ्या हाताखालून मुळ्या सुटतात."

"हो नाना. माझंच चुकतं."

"शिकतील हळूहळू," चंद्रप्रकाश म्हणाला. दोघंही मान खाली घालून खुरपत राहिली. अशाने पावसाळा उजाडेल.

रविवार, ३० मार्च

जानकीच्या भावाचं, गुणाजीचं, कणकवलीहून पत्र आलं. लिहितो, ताईचं वय सत्तावीस, तिचं पुढे काय ते तुम्हीच बघा. नाहीतर मी तिला इकडे घेऊन येतो.

गुणाजी वावगं काही लिहीत नाही. तिचं दुसरं लग्न व्हावं, हे माझ्याही मनात वर्षभर आहे. जयवंत गेला म्हणून तिनेही संपावं असं थोडंच आहे? पण सासऱ्याने सुनेला हे विचारायचं कसं? आणि कुणासाठी विचारायचं? समोर माणूस तर हवा. आमच्या नात्यात दोघांना विचारून पाहिलं, एकाने विधवा म्हणून तोंड वाकडं केलं, दुसऱ्याला चार मुलं सांभाळायला बाई हवी होती.

इथे खोटं लिहून उपयोग नाही. ती गेली तर मी या दोन खोल्यांत एकटा काय करणार, हाही विचार येतो. लाज वाटते, पण येतो.

रविवार, १३ एप्रिल

चंद्रप्रकाश आला नाही. उद्या आंबेडकर जयंती, त्यांच्या वस्तीत तयारी चाललीय, हे त्याने आधीच सांगितलं होतं. तरी जानकी तीनदा दारापर्यंत जाऊन आली. मी म्हटलं, एका रविवारी गवत काही पळून जात नाही.

दुसऱ्या मजल्यावरची द्रौपदीबाई पाणी भरायला खाली आली होती. आमच्या मालवणकडची, तोंडाने फटकळ. विचारते, "नानानू, तो माळी आजून किती दिस येतलो?"

"हरळी जाईपर्यंत."

"मगे ती काय जावची नाय," म्हणाली आणि कळशी उचलून गेली. हिला बागेतलं काय कळतं?

रविवार, २० एप्रिल

आज आला. मी घरात होतो, बाहेर वाफ्यातून दोघांचं बोलणं, हसणं ऐकू येत होतं. चपला घालून बाहेर गेलो तर दोघंही गप्प. मी तसाच आत परतलो. पण माझ्याच घरात मी पाहुणा असल्यासारखं वाटलं. उगाचच चिडलो, जेवलोही कमी.

हे गवत आता एकदाचं संपवायला हवं.

बुधवार, ७ मे

बालवाडीला सुट्टी लागली, जानकी पंधरा दिवस कणकवलीला गेलीय. जाताना चंद्रप्रकाशला सांगून गेली की अठरा तारखेच्या रविवारी यावं, तोवर नको.

मी ठरवलंय, ती यायच्या आत वाफा साफ. तिला न सांगता. आली की बघेल आणि खूश होईल. शेवंती, अबोली कुंड्यांत काढून ठेवली. आता अर्धा वाफा हातभर खोल उकरून झालाय. बांधकामावरची वाळूची चाळण मागून आणली, सगळी माती चाळतोय. बोटभर मुळी जरी सापडली तरी वेगळ्या बादलीत. कंबर धरलीय, नखं तुटलीत. तरी गिरणी सुटल्यापासून एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

गुरुवार, १५ मे

झालं. माती आठवडाभर उन्हात उलटीपालटी करून तापवली. शेजारच्या जागेकडून पुन्हा शिरू नये म्हणून मंगलोरी कौलं उभी पुरली, एकाला एक चिकटवून. गुलाबांच्या बुंध्यातली मुळी मात्र हाताने काढली, दोन दिवस गेले त्यात. आता तिथे हरळीच्या बापालाही जागा नाही.

रविवार, १८ मे

आज मनासारखं झालं. जानकी काल रात्रीच्या गाडीने निघून सकाळी आली. वाफा बघून उभीच राहिली. मग म्हणाली, "सगळी काढलीत, नाना?" म्हटलं, सगळी.

दहाला चंद्रप्रकाश आला. आज नवा शर्ट, भांग पाडलेला. त्याचे आभार नीट मानायचे असं मी आधीच ठरवलं होतं. जानकीने गावाहून आणलेल्या नारळांतला मोठा नारळ मी निवडला, नवा टॉवेल घेतला. एरवी मी त्याला अरे-तुरे करतो, पण आभार मानायचे तर रीतसर. दारातच त्याच्या हातात दोन्ही दिलं आणि म्हणालो, "तुम्ही आमच्यासाठी फार केलंत. तुमची आठवण राहील. आता काम संपलं. पुन्हा इतक्या लांब यायची तसदी तुम्ही घेऊ नका."

त्याने नारळ दोन्ही हातांत धरला. उलटासुलटा करून पाहिला. संकोचला असावा. मग "बरं," म्हणाला. वाफ्याकडे बघून "छान झालंय नाना" म्हणाला आणि चहाही न घेता गेला. जानकी आत कणीक मळत होती. तिला हाक मारली तर म्हणाली, हात खराब आहेत.

रविवार, २५ मे

वाफ्यात एक कोंब नाही. शेवंती पुन्हा लावली.

जानकीने सकाळी केस विंचरले, धुतलेली साडी नेसली आणि मग काहीच केलं नाही. चहा तीन कप केला. एक मोरीत ओतला.

रविवार, ८ जून

जानकी वाफ्यात उतरत नाही. मी म्हणतो, झाडांना पाणी घाल, तर घालते. फूल तोडत नाही. जेवताना ताटाकडे बघून जेवते. गावाहून आल्यापासून असं चाललंय, म्हणून मला वाटलं तिला गाव आठवत असेल. गुणाजीला तसं पत्रही लिहिणार होतो.

आज बाहेरच्या नळामागे गोणपाटाखाली एक जुनी बादली सापडली. आत माती आणि हरळीच्या मुळ्या. टाकलेल्या नव्हत्या, नीट एकावर एक मांडून ठेवलेल्या. पाणी न मिळाल्याने वाळून काड्या झाल्या होत्या. जानकीला विचारलं. ती म्हणाली, "दूर्वा आहेत. गणपतीला लागतील म्हणून ठेवल्या होत्या. टाकून द्या."

आमचा गणपती गावाला, थोरल्या भावाकडे असतो. या घरात कधी बसलाच नाही.

बादली घेऊन तसाच उभा होतो. द्रौपदीबाई जिन्यावरून बघत होती. खाली आली, बादलीत डोकावली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "नानानू, तुमका खरांच कळाक नाय? ह्या तण ती कित्याक जपता? तो येवचो म्हणान. आणि तुम्ही तेका नारळ दिलात."

सोमवार, ९ जून

नारळ दिला. गिरणीत चाळीस वर्षं हा शब्द ऐकला. कुणाला कामावरून काढलं की आम्ही खात्यात म्हणायचो, त्याला नारळ मिळाला. मीही शंभरदा म्हटलं असेन. आणि एका माणसाला दारात उभं करून खराच नारळ दिला, वर तीन महिन्यांचं अरे-तुरे सोडून अहो-जाहो केलं, पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं, आणि आत येऊन डायरीत लिहिलं की आज मनासारखं झालं.

त्याचा नवा शर्ट आता आठवतो. त्या दिवशी तो गवत काढायला आला नव्हता.

आणखी एक लिहायचंय. त्याने मार्चमध्ये सरळ विचारलं असतं, तर मी हो म्हणालो असतो का? डबा एकत्र खाणं वेगळं. भावाला गावी काय सांगणार, लोक काय म्हणतील, हे सगळं माझ्या तोंडावर आलंच असतं. नाही म्हणालो असतो असंही वाटतं. मग निदान विचार करून नाही म्हणालो असतो. आज विचार करतो तर हो वाटतं. जयवंतचा कप तिने त्याला दिला, यापेक्षा तिने आणखी काय सांगायचं राहिलं होतं?

बुधवार, ११ जून

बागेत गेलो. गुलाबांत दुसराच माळी होता. चंद्रप्रकाशने बदली मागून घेतली म्हणाला, घराजवळच्या बागेत. पत्ता मात्र दिला.

येताना बागेच्या कुंपणालगतची हरळी मुळांसकट उपटून पिशवीत घातली. घरी येऊन चार कौलं उपसली आणि तिथे ती लावली. पाणी घातलं. अख्खा मे महिना जिच्यामागे घालवला, तिलाच हाताने लावताना आपण खुळे झालो असं वाटलं नाही. वाटलं, हिने मूळ धरलं पाहिजे, रुजली पाहिजे. मग कार्ड लिहिलं, "हरळी पुन्हा आली आहे. माझ्याच्याने होत नाही. तू ये." ‘तू’च्या खाली दोनदा रेघ मारली.

जानकीने मला वाफ्यात बसलेलं पाहिलं. तशीच आत गेली.

रविवार, २२ जून

हरळीने जोर धरलाय. तो आला नाही. मागच्या रविवारीही आला नव्हता.

रविवार, २९ जून

मानखुर्दला जाऊन आलो. घर शोधायला तास गेला. त्याची आई दारात तांदूळ निवडत होती, तिने पाट दिला, पाणी दिलं. मग एक पेढा हातावर ठेवला. गेल्या रविवारी चंद्रप्रकाशचा साखरपुडा झाला. भांडुपची मुलगी.

तो मला चौकापर्यंत सोडायला आला. मी विचारलं, "कार्ड मिळालं नाही का रे?"

"मिळालं नाना."

"मग आला का नाहीस?"

"कसा येऊ? तुम्ही नारळ देऊन पाठवलंत." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "त्या दिवशी तुमच्याशी बोलायचं ठरवूनच आलो होतो. आईला सांगितलं होतं जानकीबद्दल. पण तुम्ही आधीच ओळखलंत. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण दुसरे लोक शिव्या देतात, अंगावर येतात. तुम्ही मानाने सांगितलंत. मी आईला म्हटलं, माणूस सभ्य आहे."

मला सांगता आलं असतं की मी काहीच ओळखलं नव्हतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण भांडुपला कुणाची तरी मुलगी हातात बांगड्या भरून बसलीय, तिचा काय दोष? मी म्हटलं, सुखी राहा. त्याने वाकून नमस्कार केला. मग म्हणाला, "हरळीला कुदळ लावू नका."

सोमवार, ३० जून

काल घरी येऊन काही बोललो नाही. आज जानकी बालवाडीतून आली तेव्हा तिला समोर बसवलं. चंद्रप्रकाशचा साखरपुडा झाला, सांगितलं. तिने मान हलवली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"मीच त्याला घालवला," म्हणालो.

"माहीत आहे नाना. मी आतच होते. सगळं ऐकू येत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मला वाटलं तुम्हाला सगळं कळलंय. मी गावाला गेले तेवढ्यात वाफा साफ करून ठेवलात, म्हणजे यायला निमित्तच नको. कळूनही माझ्यावर ओरडला नाहीत. त्यांचाही अपमान केला नाहीत. मी म्हटलं, नानांनी इतकं जपून सांगितलंय, आता आपण हट्ट धरला तर त्यांना काय वाटेल? मुलगा गेलाय त्यांचा. आणि नानांशिवाय मला तरी इथे कोण आहे?"

मी उठून पाणी प्यालो, परत येऊन बसलो.

"जानकी, मला काहीच कळलं नव्हतं गं. मी गवताबद्दल बोलत होतो."

तिने पदराचं टोक बोटावरून सोडवलं. रडेल असं वाटलं. रडली नाही.

"फक्त गवताबद्दल, नाना?"

मी हो म्हणालो. पण म्हणायला मला वेळ लागला, आणि तो वेळ तिला दिसला.